नवख्यांना बरोबर घेण्याविषयी

सातारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सांगलीहून आलेले पत्र मिळाले. यंदा कासच्या पठारावर नवख्या मंडळींना बरोबर घेऊ नये, त्यांच्यामुळे चाल मंदावते आणि निरीक्षण उथळ होते, असे तू लिहिले आहेस. चाल मंदावते हे खरे आहे. निरीक्षण उथळ होते हे मात्र मला मान्य नाही. उलट गेल्या पावसाळ्यात जे काही नवे माझ्या पदरात पडले ते त्यांच्यामुळेच, म्हणून पत्र लांबले तरी सविस्तर लिहितो.

यवतेश्वरचा घाट चढून पठारावर पोहोचल्यावर आपण दोघे काय करतो, ते आठवून पाहा. तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवे ही नावे चालता चालता तोंडातून निघतात आणि पाय थांबतात ते एखाद्या कंदीलपुष्पाशी किंवा आमरीशी, म्हणजे ऑर्किडशी. नाव ओळखले की ती वनस्पती पाहून झाली, असे आपण धरून चालतो. नवख्याला नाव ठाऊकच नसते, त्यामुळे नीट पाहण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

गेल्या सप्टेंबरात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आमच्याबरोबर आल्या होत्या. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरील चिकट थेंबांत अडकलेली चिलटे मी त्यांना दाखवली. जांभ्या कातळावर मातीचा थर पातळ, त्यात नत्र कमी, म्हणून ही वनस्पती ते कीटकांकडून मिळवते, हे नेहमीचे निरूपणही केले. त्या ओणव्या होऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण फुलावर येणारा किडाही हिनंच धरला, तर बी कसं धरायचं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारला नव्हता! आम्ही तिथेच कातळावर बसलो आणि भिंग काढले. पानांवर उभ्या केसांच्या टोकांशी थेंब चमकत होते, गुलाबी फुले मात्र बारीक देठांवर पानांपासून जरा बाजूला धरलेली होती. घरी आल्यावर पुस्तके चाळली, तेव्हा या कुळातील कित्येक जातींमध्ये फूल मिटताना स्वपरागणही होते, म्हणजे फुलाचे पराग त्याच फुलाला लागतात, असे वाचायला मिळाले. दवबिंदू मी शेकडो लोकांना दाखवला असेल, परंतु तो कीटक कसा धरतो एवढ्यावरच माझे सांगणे संपत असे. तो वंश कसा चालवतो, हे त्या ताईंच्या प्रश्नानंतर पाहिले.

दुसरा अनुभव जावळीकडच्या एका शेतकऱ्याचा. गेंद पाहताच ते म्हणाले, की हे तर आमच्या भातखाचरातही येते, जिथे पाणी तुंबून राहते तिथे. पुढचा सगळा वेळ ते फुलांकडे कमी आणि पाण्याकडे अधिक पाहत होते: कुठे साचते, कुठून निसटते, कुठे नुसती ओल राहते. त्यांच्या नजरेने पाहू लागलो आणि पठाराची मांडणीच उलगडत गेली. डबक्यात वायतुरा, त्याच्या ओलसर काठाला गेंद आणि सीतेची आसवे, माती जरा साठलेल्या जागी तेरड्याचा गुलाबी पट्टा. सीतेच्या आसवांच्या सूक्ष्म पिशव्या, ज्यांचे झाकण क्षणार्धात उघडते आणि पाण्याबरोबर सूक्ष्म जीव आत ओढले जातात, त्या ओल्या मातीतच काम करू शकतात. त्यामुळे पाणी हटले की ते जांभळे फूल का हटते, हे त्या दिवशी पायांना कळले. हे ज्ञान पुस्तकात होते, पण आपण ते जमिनीवर वाचत नव्हतो. चिखलात आयुष्य गेलेल्या माणसाने ते पहिल्याच फेरीत वाचले.

आणखी एक गोष्ट तुला विशेष कळकळीने सांगायची आहे, ती वह्यांची. आपल्या वह्यांत दिनांक आणि नावांची यादी असते. नवखा मात्र नाव येत नाही म्हणून पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ चौकोनी आहे की गोल, वास कसा आहे, कोणता कीटक आला, असे सगळे लिहितो. आता वनस्पतिशास्त्रज्ञ नावे बदलतात. कारवीलाच कोणी स्ट्रोबिलँथिस या वंशात ठेवतो, तर कोणी कार्विया या वंशात. ओळखण्यात चूक झाली असेल, तर आपल्या यादीवरून ती कधीच पडताळता येणार नाही, त्याच्या वर्णनावरून येईल. मी आता नावाखाली किमान चार ओळींचे वर्णन लिहितो, आणि हे तूही करावेस असा माझा आग्रह आहे.

नवख्यांचे सगळेच गोड असते असे मी म्हणत नाही. फोटोच्या नादात ते फुलांवर पाय देतात, आणि 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेल्या या पठारावर ते खपवून घेण्याजोगे नाही. उघड्या कातळावरच पाय ठेवायचा, हे त्यांना चढ संपण्याआधीच बजावावे लागते. ते काम आपलेच आहे, आणि तुझ्याइतके ठामपणे ते कोणी करू शकणार नाही.

म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शनिवार-रविवारची गर्दी टाळून, तू ये. चार-पाच नवीन माणसे मी जमवून ठेवतो. पहिला तासभर आपण दोघांनी एकही नाव सांगायचे नाही, फक्त विचारलेले ऐकायचे आणि त्यांच्याबरोबर पाहायचे, एवढीच माझी अट आहे. तुझे दहापट मोठे दाखवणारे भिंग आठवणीने आण, आणि कोणती तारीख सोयीची पडते ते लवकर कळव. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझाच,
सातारचा मित्र