पाण्याचं तेवढं नीट बघ

बाळा,

परवा फोनवर "आई, बस आता" म्हणून कट केलास, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. रागवून लिहीत नाहीये. शनिवारी निघायलास तर त्याआधी वाचून घे, आणि एवढं लांब कशाला म्हणू नको, फोनवर तू बोलू देत नाहीस.

तू पाठवलेला रूट मी कागदावर उतरवून देवघराशेजारी चिकटवलाय. बारीतून कळसूबाई, मग अलंग-मदन-कुलंग, घाटघर, साम्रद, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड, सगळं पायी, एकाला एक जोडून. बबी आत्या म्हणली, अलंगला दोर लावून चढतेत म्हणं, इंग्रजांनी पायऱ्या उडवल्यात. जो तो दोराचंच विचारायलाय. मला दोराची भीती नाही रे, खरंच. शिकलेली पोरं आहेत सोबत, हार्नेस आहे, आणि तू लिंबावर चढून कधी पडला नाहीस. मला भीती पाण्याची आहे. मार्च आहे हा.

2016 आठवतं का? सातवीत होतास. मांजरा धरण कोरडं पडलं, टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 लावलं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला. तू शाळेतून आलास की दप्तर फेकून कॅन घेऊन टँकरमागं पळायचास. एकदा अर्धी कॅन सांडली तर रडत आलास, मी काही म्हणले नव्हते तरी रडत होतास. आणि तेच लेकरू आता मला म्हणतंय "वर टाकी आहेत ना आई, मिळेल पाणी." आहेत की, मी पण वाचलंय. कुलंगला आहेत, रतनगडाला आहेत, हरिश्चंद्रगडाला तर मस आहेत. पण एका गडावरून दुसऱ्या गडाला जाताना मधल्या सोंडेवर कुणी टाकं खोदून ठेवलंय?

रतनगडाकडंच प्रवरा उगवते ना, तीच भंडारदऱ्यात येते, पुढं गोदावरीला मिळून जायकवाडीत. परभणीला आजोबांच्या उसाला डाव्या कालव्याचं पाणी यायचं, त्यात तिथलं पण असंल. वरून पाणी सोडा म्हणून किती भांडणं होतेत आपल्याकडं. आणि तिथं वर एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात वाड्यांतल्या बायांना हंडे घेऊन लांब जावं लागतं, कारण काळा कातळ पाणी धरत नाही, सगळं खाली वाहून जातं. म्हणून झऱ्याच्या भरवशावर राहू नको. शेवटच्या वाडीत विचार, पुढं पाणी चालू आहे का, आणि चालू आहे म्हणले तरी सगळ्या बाटल्या भरूनच निघ. चार लिटर म्हणजे चार किलो, वजन होतं म्हणशील, तर कॅमेरा ठेव घरी.

आणि तहान लागंल तेव्हा पिऊ असं करू नको. पप्पांना हरभऱ्याच्या राशीला ऊन लागलं तेव्हा घागर भरलेली होती शेजारी. मी दोनदा पाणी दिलं, तहान नाही म्हणले. मग घाम यायचा बंद झाला, अंग तव्यासारखं तापलं आणि मला मोठ्या आत्याच्या नावानं हाका मारायले. ते मी अजून विसरले नाही. तुमच्यातलं कुणी असं वेडंवाकडं बोलायलं तर थांबायचं, सावलीत निजवायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच खाली न्यायची सोय बघायची, गड राहिला तर राहू द्या. नुसतं पाणी पण नको, घामात मीठ जातं, ओआरएसची पाकिटं बॅगेत टाकलीत मी, डाव्या कप्प्यात. दुपारी बारा ते तीन चालू नका.

लेक्चर झालं. सॉरी. तुला हे सगळं माहीत असंल, तू किती वर्षं फिरायलास. मला फक्त ते सोंडेवरचं पाणी... असो, नाही बोलत.

भिशीत सांगितलं मी सगळ्यांना. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, लोक तिथं जाऊन दर्शन घेऊन घरी येतेत, माझं पोरगं तिथून चालायला सुरुवात करायलंय. पाटील वहिनी दोनदा विचारल्या, एकटा का? म्हणलं नाही, पण एकटा असता तरी गेला असता. हे तुला फोनवर सांगणार होते, तेवढ्यात ते दुसरंच निघालं.

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पाणी लई गार असतं म्हणं, दमून गेल्या गेल्या त्यात उतरू नको, जरा बस आधी.

राजूरला रेंज आली की पहिला फोन पप्पांना कर. आणि मामाला तूच सांग बाबा, मी नाही सांगणार, तो गाडी काढून बारीला येऊन बसंल.

आई