उजनीतल्या त्या दादा-ताईंचे मनापासून आभार

कुंभारगावहून उजनीच्या बॅकवॉटरमध्ये कुरव (सीगल) पक्षी बघायला होडी काढली होती. सोबत गुडघेदुखीने अवघडून बसलेली आई. ऐन मध्यावर मासेमारीचं जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलं गेलं आणि होडी जागच्या जागी. ऊन चढलेलं, नावाड्याचा फोन लागेना.

तेवढ्यात एक मच्छीमार जोडपं वल्हवत आलं. जाळं त्यांचंच! आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. दादांनी मात्र चाकू काढला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि स्वतःचंच जाळं सपासप कापलं. तोवर ताईंनी आपली घोंगडी घडी करून आईच्या पाठीशी लावली. पैसे काही केल्या घेतले नाहीत. "जाळं काय, पुन्हा विणता येतंय."

वर दादा म्हणाले, "त्या उंचवट्यावर एक येगळंच पाखरू बसतंय, बघा." तपकिरी डोक्याच्या कुरवांच्या थव्यात खरंच एक सडपातळ चोचीचा कुरव होता! फिकट डोळा, कानामागे काळा ठिपका जवळपास नाहीच. किनाऱ्यावरचा हा पाहुणा इतक्या आत क्वचितच दिसतो.

दादा, ताई, आईसोबतचा तुमचा फोटो नावाड्याकडे ठेवलाय. तेवढा घेऊन जा. आई रोज विचारते, पोचला का म्हणून.