वजनकाट्याला न कळलेले

माननीय संपादक,
स. न.

बाळ जन्मले की पहिला प्रश्न वजनाचा. तीन किलो भरले की सगळे निर्धास्त होतात. तो आनंद खराच, पण वजन चांगले म्हणजे पोषणही चांगलेच झाले, असे जे गृहीत धरले जाते ते मला धोक्याचे वाटते.

१९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. काही महिने माणशी रोजचा शिधा ४०० ते ८०० कॅलरींवर आला होता. मे १९४५मध्ये सुटका होताच अन्न पुन्हा मिळू लागले. त्यामुळे कोणत्या बाळाने पोटात असताना कितव्या महिन्यात उपासमार सोसली, हे संशोधकांना सांगता आले. शेवटच्या महिन्यांत जिची आबाळ झाली, तिचे बाळ कमी वजनाचे निघाले. पहिल्या तिमाहीत उपासमार सोसलेली बाळे मात्र वजनाला व्यवस्थित होती. तरीही पन्नाशीत तपासले तेव्हा हृदयविकार जास्त आढळला तो याच गटात!

प्रत्येक अवयवाची घडण्याची वेळ ठरलेली असते. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून तयार होतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर दिवस गेल्याचे अनेकींना कळलेलेही नसते. म्हणून ही नळी नीट मिटावी यासाठी लागणारे फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व आधीपासूनच घ्यायला सांगतात. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या सुमारे ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात, नंतर नव्या होत नाहीत. तिथे राहिलेली उणीव पुढे कितीही खाऊ घातले तरी भरून निघत नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांचे खाणेही तितकेच मोलाचे. ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३मध्ये उठले. गर्भावस्था आणि ही दोन वर्षे रेशनच्या काळात गेलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, असे २०२४मधील एका अभ्यासात दिसले.

हे वाचून कोणी आईला दोष देऊ नये, ही कळकळीची विनंती. तिच्या ताटात काय पडते, ते बहुधा तिच्या एकटीच्या हातात नसते. उलट, मूल व्हावे असा विचार सुरू होतो तेव्हाच तिच्या जेवणाची, रक्तातल्या लोहाची चौकशी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी करायला हवी. आपल्या आरोग्य पुरवणीत वजन घटवण्याच्या आहारावर नेहमी लिहून येते. गर्भधारणेपूर्वीच्या आहारासाठीही तिथे नियमित जागा मिळावी.

आपली,
एक वाचक