शटडाऊनचं कोडं सोडवणाऱ्या तुम्हाला

नमस्कार,

दुरुस्ती झाल्या झाल्या आभार मानणार होतो, पण मुद्दाम दोन आठवडे थांबलो. रोज रात्री कॉम्प्युटर बंद केला आणि एकदाही तो एररचा चौकोन आला नाही. आता खात्रीने लिहितोय.

तीन महिने तो चौकोन रोज यायचा. शटडाऊन केलं की ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ (म्हणजे टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम), मेमरी वाचता आली नाही वगैरे, आणि मशीन तिथेच अडकायचं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं. प्रत्येक वेळी धाकधूक, कारण माझं सगळं काम त्याच डिस्कवर. एकाने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘ऑटोएंडटास्क्स’ १ करायला सांगितलं होतं. तुम्ही ते करू दिलं नाहीत. तसं केलं तर विंडोज न विचारताच उघडे प्रोग्रॅम बंद करेल, सेव्ह न केलेलं जाईल आणि बिघाड मात्र तसाच राहील, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मी तर विंडोज नव्याने टाकायच्या बेतात होतो!

तुम्ही आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडायला लावलंत. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची नोंद, आणि तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, म्हणजे जिथे बिघाड झाला ती फाइल, म्हणून ‘एनटीडीएलएल’. मला वाटलं, विंडोजचीच फाइल खराब झाली. तुम्ही म्हणालात, घाई नको. मेमरी दुसऱ्याच कुणी बिघडवली तरी नाव बऱ्याचदा हिचंच येतं. राइट क्लिकच्या मेनूत भर घालणारी एक्स्टेन्शन्स एक्सप्लोररच्याच प्रोसेसमध्ये चालतात, त्यांतलं एक कोसळलं की एक्सप्लोररही कोसळतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू, ही एक्स्टेन्शन्स यादीत दाखवून बंद-चालू करू देणारा छोटा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टची सोडून उरली २२ एक्स्टेन्शन्स. अर्धी बंद करायची, तपासायचं, उरलेल्यांतली पुन्हा अर्धी. आणि दर वेळी शटडाऊन करायची गरजच नाही, ही तुमची युक्ती तर मी कधीच विसरणार नाही: विंडोज १० मध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, ‘एक्झिट एक्सप्लोरर’. तोच चौकोन तिथेही आला. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करायचा आणि पुढची फेरी. पाचव्या फेरीत चोर सापडला: कधीच काढून टाकलेल्या एका झिप प्रोग्रॅमचं मागे राहिलेलं एक्स्टेन्शन.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी दोनदा चुकीची ओळ बंद केली, तुम्ही दोन्ही वेळा नुसतं ‘परत चालू करा, काही बिघडलेलं नाही’ एवढंच म्हणालात. त्या एका वाक्याने हाताची थरथर थांबली, हे तुम्हाला माहीत नसेल.

मनापासून आभार.

तुमचा ऋणी