तलावाच्या काठाची ती फट कृपा करून सिमेंटने बुजवू नका

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मार्च लागला की तुमच्या पेपरात उन्हाळी पोहण्याच्या बॅचेसच्या जाहिराती झळकायला लागतात आणि नेमकं तेव्हाच गावभरच्या सोसायट्यांना आठवतं, की अरेच्चा, आपल्या तलावाच्या काठाच्या फरश्या उखडल्यात की. मग घाईघाईत तीन कोटेशन, त्यातलं सगळ्यात स्वस्त, पंधरा दिवसांत काम आणि पाडव्याला नारळ. आम्हीही अगदी हेच केलं होतं, म्हणून लिहितेय.

सिंहगड रोडला आमची सोसायटी, तलाव 2006 चा. मी साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं तेव्हापासून रोज सकाळी सहाला तिथे असते, त्यामुळे त्या काठाचा इंच न् इंच मला पाठ आहे. कडेला गोलसर कोपऱ्याचे दगड, ज्याला मिस्त्री कोपिंग म्हणतात, त्याच्यामागे कोटाच्या फरशीचा डेक, म्हणजे चालायची जागा, आणि दोघांच्या मध्ये बोटभर रुंदीची काळी रबरासारखी पट्टी. ही पट्टी जागोजागी सुटली होती, तिच्यात केस, पानं, शाम्पूच्या पुड्यांचे कोपरे असला ऐवज साठायचा. दिसायला घाणच, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी कमिटीने काम काढलं. ठेकेदाराने जुन्या कोटावरच नवीन चकचकीत टाइल चिकटवली, ती काळी पट्टी उकरून फेकून दिली आणि फट व्हाइट सिमेंटने छान गुळगुळीत बुजवून दिली. सगळ्यांनी वाहवा केली, मी पण केली. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला आणि टाइल तंबूसारखी उचलली गेली, शिडीजवळचा कोपिंगचा दगड पाण्याच्या बाजूला सरकून चक्क डगडगायला लागला. त्याच्याच धारेवर माझी नडगी सोलवटली, टाके नाही पडले पण पंधरा दिवस पोहणं बंद.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर आजोबा आहेत, त्यांना कमिटीने आधी कधी विचारलंच नव्हतं (फुकटचा सल्ला ना, त्याला कोण किंमत देतो). ते एक दिवस खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढून उकिडवे बसले आणि टाइलवर टकटक करत पुढे सरकायला लागले. काही ठिकाणी टण्ण वाजायचं, बऱ्याच ठिकाणी बद्द. बद्द वाजेल तिथे खाली पोकळ, म्हणून खडूने फुली. अर्ध्या तासात डेकवर एवढ्या फुल्या झाल्या की जणू पोरांनी फुली-गोळा खेळून ठेवलाय.

मग त्यांनी समजावलं ते मला पहिल्यांदा कळलं. तलाव म्हणजे सळयांची काँक्रीटची एकसंध पेटी, ती स्वतःच्या पायावर उभी. डेक मात्र तिच्या शेजारी भरावावर नुसता टेकलेला असतो. बांधताना पेटीभोवती खणलेली जागा मागाहून बुजवतात, आणि बुजवतात कशाने तर जे हाताशी असेल त्याने, आमच्याकडे निघाली काळी माती आणि राडारोडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. म्हणजे डेक वर-खाली होणार आणि पेटी जागची हलणार नाही. त्यात ऊन. वीस मीटर लांबीचं काँक्रीट तीस अंशांच्या फरकाने साधारण सहा मिलिमीटर लांब होतं म्हणे, आणि डिसेंबरची पहाट ते एप्रिलची दुपार एवढा फरक पुण्यात उघड्यावरच्या फरशीला सहज पडतो. या सगळ्या हालचालीला जागा मिळावी म्हणून ती फट ठेवलेली असते. ती तुम्ही सिमेंटने भरलीत की डेक फुगून कोपिंगलाच धक्का मारतो, आणि सिमेंटला तडा गेला की त्यातून पाणी खाली जातं, माती आणखी फुगते. आम्ही फट बुजवून खड्डा विकत घेतला.

मागच्या दिवाळीनंतर सगळं उकरलं. डेकखाली चार बोटं पोकळी निघाली आणि एका कोपऱ्यात घुशीचं बीळ! कोपिंग काढल्यावर भिंतीच्या माथ्याची एक सळई लाल होऊन फुगलेली, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो त्यामुळे वरचं काँक्रीट तिनेच फोडलेलं. ती घासून पांढरीफटक केली, गंजरोधक लावलं, पॉलिमर मॉर्टरने भरून घेतली. काळी माती बाहेर, मुरूम आत, तोही एकदम नाही, थर देऊन पाणी मारून धुम्मसाने ठोकत. वर जाळी टाकून कोबा, त्याला ढाळ तलावाच्या उलट दिशेला, पन्नासाला एक, म्हणजे डेक धुतलेलं पाणी नाल्यात जातं, तलावात नाही. आधीचा ढाळ तलावाकडे होता, म्हणजे अठरा वर्षं आम्ही पायांची धूळ धुऊन त्यातच पोहत होतो.

फरशीबद्दल दोन गोष्टी. कोटा आणि शहाबाद हे दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. आमचा हाऊसकीपिंगवाला दर महिन्याला ॲसिड टाकून घासायचा आणि आम्ही शाबासकी द्यायचो, बघा किती फेस येतोय. तो फेस म्हणजे आमची फरशीच विरघळत होती. आणि दुकानात 'अँटी-स्किड' म्हटलं की झालं असं नाही, ते लेबल कशावरही असतं. मी शोरूममध्ये चप्पल काढून टाइलवर तांब्याभर पाणी ओतलं आणि तिच्यावर उभी राहिले, सेल्समन बघतच राहिला. तीन टाइल्स नापास झाल्या. शेवटी फ्लेम फिनिश ग्रॅनाइट घेतला, हाताला खरखरीत लागतो पण ओल्या पायाला धरून ठेवतो.

सगळ्यात शेवटी ती फट. हे काम बघण्यासारखं असतं. मिस्त्रीने आधी फटीत ब्लोअर मारला, ओल नाही ना ते बघितलं, मग पेन्सिलसारखी जाड फोमची दोरी आत बसवली. ही कशाला तर वरचा सीलंट, म्हणजे फट भरायचा रबरासारखा मसाला, तळाला चिकटू नये म्हणून, दोन्ही बाजूंना चिकटला तरच तो ताणतो, तळालाही धरला तर फाटतो. मग दोन्ही कडांना मास्किंग टेप, दोन डब्यांतला पॉलिसल्फाइड नावाचा सीलंट एकत्र घोटून भरायचा आणि शेवटी मिस्त्री साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते एका दमात फटीवरून ओढत न्यायचा, वीस फूट, न थांबता. टेप सोलली की खाली काळी कुळकुळीत रेघ. त्यानंतर आठवडाभर पाणी लागू द्यायचं नाही. एका मेंबरने तेवढ्यात विचारलंच, "हे किती वर्षं टिकणार? सिमेंट तर कायमचं असतं." सीलंट कायमचा नसतो हे खरंय, दरवर्षी बघावा लागतो आणि काही वर्षांनी उकरून पुन्हा भरावा लागतो, पण काम तेवढंच.

पैशाचं म्हणाल तर सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायचा निधी, त्यासाठीच असतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के लिहिलंय, किती सोसायट्या खरंच जमा करतात ते त्यांनाच माहीत. आणि हे काम पावसाळ्यात तलाव रिकामा करून काढू नका, जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी पेटी खालून उचलली जाऊ शकते. दिवाळी ते फेब्रुवारी बरं. आमचा टँकरचा खर्चही कमी झालाय. तलाव गळतोय का याची परीक्षा सोपी, पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी सारखी, चोवीस तासांनी बघायचं. तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर ते ऊन नाही, गळती.

काल फिरून येताना पाहिलं, शेजारच्या सोसायटीच्या गेटपाशी व्हाइट सिमेंटच्या पिशव्या येऊन पडल्यात आणि वॉचमन म्हणाला सोमवारपासून तलावाचं काम. त्यांच्याकडे आपलाच पेपर येतो. पत्र रविवारच्या आत छापता आलं तर फार बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक, सिंहगड रोड, पुणे