ल्युसिल बॉल यांची कंपनी ‘नवऱ्याची’ नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जगभरच्या विनोदी अभिनेत्रींवरचा लेख मी आवडीने वाचला. त्यात अमेरिकन अभिनेत्री ल्युसिल बॉल यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आहेत आणि त्या चार ओळींत दोन विधाने आहेत. त्या ‘वेंधळ्या गृहिणीची भूमिका करून गाजल्या’ हे एक, आणि ‘नवऱ्याच्या कंपनीमुळे त्यांना आयती संधी मिळाली’ हे दुसरे. पहिले विधान अपुरे आहे आणि दुसरे साफ चुकीचे आहे. मी पस्तीस वर्षे चित्रपटांचे आणि मालिकांचे संकलन करून निवृत्त झाले. ज्या पद्धतीच्या कामावर आमच्यासारख्यांची पोटे भरली, ती पद्धत टीव्हीवर रुजवण्यात या बाईंचा मोठा वाटा आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ल्युसिल बॉल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या गावी झाला. वडील टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करत. १९१५ मध्ये ते विषमज्वराने गेले, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि आई दुसऱ्यांदा गरोदर होती. पुढे ही भावंडे आजोळच्या आधाराने वाढली. आजोबा हौशी होते, नातीला नाच-गाण्यांचे आणि नकलांचे खेळ दाखवायला घेऊन जात. १९२७ मध्ये त्यांच्या अंगणात बंदुकीचा अपघात झाला, शेजारचा एक मुलगा जन्माचा अधू झाला, कोर्टाने आजोबांना जबाबदार धरले आणि घरादारावर पाणी सोडावे लागले. त्याच्या थोडे आधी ल्युसिल न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेत जाऊन आल्या होत्या. पुढे गाजलेल्या अभिनेत्री बेटी डेव्हिस त्यांच्या सोबतच्या विद्यार्थिनी होत्या. मुलगी फार बुजरी आहे, तिच्यावर पैसे वाया घालवू नका, असे शाळेने आईला कळवले आणि ल्युसिल घरी परतल्या.

हॉलिवुडमध्ये त्या १९३३ मध्ये गेल्या, त्या समूहनृत्यातली एक मुलगी म्हणून. त्यानंतरची जवळपास अठरा वर्षे लेखकाने एका शब्दातही सांगितलेली नाहीत. आरकेओ स्टुडिओत पगारी नटी म्हणून त्यांनी पडेल ती भूमिका केली. पुढे ‘बी चित्रपटांची’, म्हणजे कमी खर्चाच्या दुय्यम चित्रपटांची, ‘राणी’ असे नाव पडले, पण पहिल्या रांगेत त्यांना कुणी बसवले नाही. एमजीएममध्ये गेल्यावर त्यांचे केस लाल रंगवण्यात आले आणि तो रंग पुढे त्यांची ओळख झाला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, मूकपटांच्या जमान्यातले थोर विनोदी नट बस्टर कीटन तेव्हा पडत्या काळात त्याच स्टुडिओत नोकरी करत होते. या बाईच्या अंगात काय आहे ते स्टुडिओच्या मालकांच्या आधी त्यांनी ओळखले आणि हातात येणाऱ्या वस्तूशी कसे खेळावे, याचे धडे दिले. पडद्यावरचा तो वेंधळेपणा म्हणजे अशी शिकून, घोटून बसवलेली विद्या होती.

आता कंपनीविषयी. १९४८ पासून ल्युसिल सीबीएस या प्रक्षेपण कंपनीच्या एका रेडिओ मालिकेत गृहिणीची भूमिका करत होत्या. ती लोकांना आवडली, तेव्हा सीबीएसने तिच्या धर्तीवर टीव्ही मालिका करण्याचे ठरवले. बाईंनी एकच अट घातली. पडद्यावरचा नवरा म्हणून माझा खरा नवराच हवा. देसी आर्नाझ क्यूबातून आलेले गायक व वाद्यवृंदप्रमुख होते आणि त्यांच्या बोलण्यात परकी ढब होती. गोऱ्या अमेरिकन बाईचा असा नवरा प्रेक्षकांना पटणार नाही, असे वाहिनीवाल्यांना वाटत होते. यावर या जोडप्याने वाद घातला नाही. १९५० मध्ये त्यांनी स्वतःचा खेळ बसवला, गावोगावी रंगमंचावर केला आणि लोक हसतात हे दाखवून दिले. त्याच सुमारास दोघांनी मिळून कंपनी काढली. देसी यांच्या नावातले ‘देसी’ आणि ल्युसिल यांच्या नावातले ‘लू’ घेऊन तिचे नाव ‘देसिलू’ ठेवले. कंपनी नवऱ्याची होती असे लिहिण्यापूर्वी हे नाव एकदा मोठ्याने वाचले असते, तरी चूक टळली असती. शिवाय संधी कुणी कुणाला मिळवून दिली, हा प्रश्नच उलटा आहे. वाहिनीला हव्या होत्या त्या ल्युसिल आणि देसी आले ते त्यांच्या हट्टामुळे.

‘आय लव्ह ल्युसी’ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. तोपर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक टीव्ही मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या केंद्रांना दाखवायचे तर टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याचेच चित्रण करत आणि ती धुरकट रिळे पाठवत. या दोघांना हॉलिवुड सोडायचे नव्हते, आणि सिगारेट कंपनी असलेल्या प्रायोजकाला पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत असे धुरकट चित्र चालणार नव्हते. त्यातून निघालेला मार्ग असा, की मालिका सरळ ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित करायची, तीही तीन कॅमेरे एकाच वेळी चालवून आणि समोर सुमारे ३०० प्रेक्षक बसवून. अनेक कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रण करण्याचे प्रयोग याआधीही झाले होते, तेव्हा शोधाचे श्रेय मी त्यांना देत नाही. परंतु नाटकासारखा सलग प्रयोग आणि चित्रपटासारखे स्वच्छ चित्र यांची सांगड घालून ती घडी आठवड्यामागून आठवडे टिकेल अशी बसवली ती इथे. छायाचित्रणाला होते कार्ल फ्रॉइंड, जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ या गाजलेल्या मूकपटाचे छायाचित्रण करणाऱ्यांपैकी एक. तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल असा सपाट, वरून येणारा प्रकाश त्यांनी योजला, कारण प्रेक्षक ताटकळत असताना प्रत्येक शॉटसाठी दिवे हलवायला वेळ नसतो. तीन कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी शेजारी पाहून कापता यावीत म्हणून संकलकाला खास मूव्हिओला यंत्र मिळाले. त्याचे नावच ‘तीन डोक्यांचा राक्षस’ पडले होते. ज्याने रिळे हाताने जोडली आहेत, त्याला या राक्षसाबद्दल वाटणारी माया सांगून कळायची नाही.

फिल्मचा खर्च जास्त होता. वाहिनी आणि प्रायोजक कुरकुर करू लागले, तेव्हा नवरा-बायकोने आठवड्याला ५,००० डॉलरऐवजी ४,००० डॉलर घेण्याचे कबूल केले आणि त्या बदल्यात चित्रित रिळांची मालकी मागून घेतली. वाटाघाटीत पुढाकार देसी यांचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. ते हुशार व्यवस्थापक होते आणि त्यांच्या कर्तबगारीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण कापला गेलेला पगार दोघांचा होता. १९५१ मध्ये एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असाच सर्वांचा समज होता, त्यामुळे समोरच्यांनी ती मालकी फारशी खळखळ न करता देऊन टाकली. पुढे पुनःप्रक्षेपणाचा सगळा धंदा याच रिळांवर उभा राहिला.

हे वाचताना मला माझी एक आठवण टाळता येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका मराठी मालिकेचे तेरा भाग संकलित केले होते. काही वर्षांनी एका प्रसंगाची प्रत मागायला, ते भाग जिथे ठेवले होते तिथे मी गेले, तेव्हा टेपा महाग असल्याने त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित झाल्याचे कळले. त्यातल्या दोन ज्येष्ठ नटांचे ते काम आज कुठेही नाही. त्या मालिकेत आई झालेल्या अभिनेत्रीला मानधन तीन महिन्यांनी मिळाले होते, आणि पुढे तो प्रसंग पुन्हा बघायची त्यांना फार इच्छा होती. रिळे कुणाची, हा प्रश्न ल्युसिल बॉल यांच्या आयुष्यात मला एवढा मोठा का वाटतो, ते यावरून लक्षात यावे.

‘वेंधळी गृहिणी’ या शब्दांबद्दलही थोडे लिहिते. सप्टेंबर १९५२ मध्ये दाखवलेल्या एका भागात ल्युसी आणि तिची मैत्रीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारे प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचे, आणि एक जरी न गुंडाळता पुढे गेले तरी नोकरी गेली, असे मुकादमीण बजावून जाते. सुरुवातीला पट्टा हळू असतो आणि दोघींना गंमत वाटते. मग वेग वाढतो. ल्युसीचे हात आधी घाईला येतात, मग एक चॉकलेट तोंडात जाते, मग टोपीत, मग झग्याच्या गळ्यात, आणि गाल फुगलेले असताना डोळे मात्र पट्ट्यावरून हलत नाहीत. मुकादमीण येऊन पाहते तो पट्टा रिकामा. ती खूश होऊन वेग आणखी वाढवायला सांगते. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तो न्यू जर्सीच्या आतेबहिणीने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, आणि नंतर किती वेळा पाहिला त्याची गणती नाही. त्यात फार थोडे काप आहेत. दोघी एकाच चौकटीत दिसत राहतात, कारण कापून वेग आणण्याची गरजच नाही, वेग बाईंच्या हातांत आहे. व्हिव्हियन व्हान्स यांची एथेल शेजारी तितक्याच ताकदीने उभी आहे, आणि एकीची लय दुसरीच्या लयीला कुठेही धक्का देत नाही. यामागे दिवसचे दिवस केलेल्या तालमी होत्या. हातात येणारी प्रत्येक वस्तू आधी पुन्हा पुन्हा हाताळून पाहिल्याशिवाय बाई प्रेक्षकांसमोर जात नसत.

त्याच वर्षी ल्युसिल पुन्हा गरोदर राहिल्या. त्या काळी गरोदर स्त्री टीव्हीवर दाखवण्याची कल्पनाच वाहिनीला झेपत नव्हती. टेबलाआड किंवा खुर्चीमागे उभे करा, असा सल्ला मिळाला. दोघांनी ते नाकारले आणि गरोदरपण कथेत आणले. तरीही गरोदर या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द वापरायला बंदी होती. त्याऐवजी ‘वाट पाहते आहे’ अशा वळणाचा शब्द चालवला गेला आणि एका भागाच्या शीर्षकात फ्रेंच शब्द घातला. ‘तिला दिवस गेले आहेत’ असे म्हणणाऱ्या आपल्याला हा संकोच परका वाटू नये. संहिता एका कॅथलिक धर्मगुरूला, एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला आणि एका ज्यू धर्मगुरूला दाखवल्या गेल्या. या मालिकेतला सर्वांत हळवा क्षण याच भागात आहे. नाईट क्लबात गाणाऱ्या रिकीच्या, म्हणजे देसी यांनी रंगवलेल्या ल्युसीच्या नवऱ्याच्या, हाती निनावी चिठ्ठी येते, कुणा जोडप्याला बाळ होणार आहे. तो पाळणागीत गुणगुणत टेबलामागून टेबल शोधत जातो, शेवटी बायकोसमोर थांबतो आणि ती मान हलवते. चित्रीकरणात नवरा-बायको खरोखरच रडू लागले. संहितेप्रमाणे प्रसंग पुन्हा चित्रित केला, पण प्रक्षेपणात ठेवला तो पहिलाच.

१९ जानेवारी १९५३ रोजी ल्युसीला मुलगा होतो तो भाग दाखवला गेला, आणि त्याच दिवशी ल्युसिल यांनी शस्त्रक्रियेने खऱ्या मुलाला जन्म दिला. तो भाग सुमारे ४.४ कोटी लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी झालेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शपथविधीलाही इतके टीव्ही प्रेक्षक लाभले नाहीत. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांना साक्ष द्यावी लागली. १९३६ मध्ये त्यांनी मतदार म्हणून आपली नोंद त्या पक्षाकडे केली होती. आजोबा कट्टर समाजवादी होते आणि म्हाताऱ्याचे मन मोडू नये म्हणून आपण तसे केले, असे त्यांनी सांगितले. अशाच आरोपांनी त्या काळात कित्येक कलावंत देशोधडीला लागले. या बाई टिकल्या त्या प्रेक्षकांच्या प्रेमामुळे, आणि त्यानंतरच्या चित्रीकरणापूर्वी देसी यांनी प्रेक्षकांसमोर येऊन सांगितले की, हिच्यात लाल काय ते केस, आणि तेही खरे नाहीत.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. मालिकेची रिळे सीबीएसला विकून आलेला पैसा हाताशी धरून १९५७ मध्ये देसिलूने आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. ज्या आवारात ल्युसिल पगारी नटी म्हणून दारोदार भूमिका मागत होत्या, त्याच्या त्या मालकीण झाल्या. १९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६२ मध्ये त्यांनी देसी यांचा हिस्सा विकत घेतला आणि हॉलिवुडच्या मोठ्या स्टुडिओची प्रमुख होणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. त्यांच्याच कारकिर्दीत ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन : इम्पॉसिबल’ या मालिका १९६६ मध्ये पडद्यावर आल्या. खर्चाच्या आकड्यांनी कंपनीतल्या हिशेबनिसांची झोप उडाली होती आणि शेवटचा होकार बाईंचा होता. त्या वेळी नवरा कंपनीत नव्हता. १९६७ मध्ये त्यांनी कंपनी सुमारे १.७ कोटी डॉलरना विकली. स्वतः मात्र १९७४ पर्यंत दर आठवड्याला टीव्हीवर दिसत राहिल्या. १९८५ मध्ये एका दूरचित्रपटात त्यांनी बेघर म्हातारी रंगवली. १९८६ मधली शेवटची मालिका आठ भागांतच बंद पडली आणि ते त्यांना फार लागले. २६ एप्रिल १९८९ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्या लॉस एंजेलिसला निवर्तल्या.

लेखकाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही, आणि जागेची अडचण मला समजते. पण ‘देसिलू’ ही कंपनी दोघांची होती आणि १९६२ नंतर तिची सूत्रे ल्युसिल बॉल यांच्याच हाती होती, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, शक्य असल्यास त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त चित्रपट-संकलक, पुणे