जुन्या मोटारीत नवे इंजिन: कापलेल्या चासीचाही हिशेब द्यावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्हिंटेज मोटारीत आधुनिक इंजिन बसवल्याची सचित्र हकीगत आपल्या पुरवणीत वाचली. लेख रंजक होता आणि ज्यांनी ते काम केले त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. मात्र किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले आणि उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या, अशा ठिकाणी तो लेख संपतो. उभी हयात जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला खरे प्रश्न तिथून पुढे पडतात. नवे इंजिन बसावे म्हणून गाडीचे काय काय कापले, मूळ इंजिनाचे काय केले आणि उद्या कोणाला ते परत बसवावेसे वाटले तर ते शक्य आहे का, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

इंजिन बदलण्याला माझा सरसकट विरोध नाही. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-८, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर मांडलेले, इंजिन आणले, तेव्हापासून अमेरिकेतील हौशी तरुण ते काढून आणखी जुन्या, हलक्या गाड्यांत बसवत आले आहेत. खुद्द उत्पादकांनीही हाच मार्ग धरला. १९६२ साली अमेरिकी शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांच्या पुढाकाराने ब्रिटनच्या एसी कंपनीच्या एस या छोट्या उघड्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसले आणि कोब्रा ही गाडी जन्माला आली. तिचे कौतुक करणारे पुढचा भाग सहसा सांगत नाहीत. पुढे सात लिटरचे इंजिन बसवायचे ठरले तेव्हा १९६५ साली चासीच, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाच, नव्याने आखावी लागली, तिच्या मुख्य नळ्या तीन इंचांवरून चार इंचांवर गेल्या आणि पाट्यांच्या स्प्रिंगांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या. सनबीम टायगर या दुसऱ्या ब्रिटिश गाडीत तर व्ही-८ इतके दाटीवाटीने बसले होते, की मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत हात पोहोचावा म्हणून इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून त्यावर रबरी बूच लावलेले असे, आणि तो प्लग गाडीच्या आत बसून काढावा लागे. कारखान्याच्या अभियंत्यांना जिथे इतकी कसरत करावी लागली, तिथे हौशी माणसाचे काम दोन ब्रॅकेट वेल्ड करून भागेल, असा समज लेखाने वाचकांचा करून देऊ नये.

जुन्या गाडीचा प्रत्येक भाग तिच्या इंजिनाच्या कुवतीला धरून घडवलेला असतो. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टीचेच पाहावे. तिचे इंजिन २.९ लिटरचे, पण ताकद अवघी २० अश्वशक्ती. तिचा ब्रेकचा पेडल चाकांवर चालतच नसे. तो गिअरबॉक्समधल्या ड्रमला आवळत असे, आणि चाकांवरचे ब्रेक म्हणजे मागच्या दोन चाकांत हाताच्या दांड्याने लागणारे. ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या गाडीला ते पुरत होते. त्याच गाडीत शंभर अश्वशक्तीचे इंजिन घातले आणि तिचा वेग दुप्पट झाला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. तीच गत पाण्याची. अगदी सुरुवातीच्या गाड्या वगळता तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी वर चढायचे आणि थंड झालेले खाली उतरायचे, एवढ्यावर इंजिन गार राहत असे. आधुनिक इंजिनाचे पाणी दाबाखाली फिरते, आणि झाळकाम केलेला पितळी रेडिएटर त्या दाबाला एखाद्या सांध्यात उघडला तर नवल नाही. पेट्रोल टाकीतून उताराने कार्बोरेटरकडे वाहत येई, इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र ते साधारण तीन-चार बार दाबाने लागते. जुन्या नळीला बारीक चीर असेल तर पूर्वी थेंब गळायचा, आता तापलेल्या इंजिनावर फवारा उडेल. त्याखेरीज सहा व्होल्टची वायरिंग, डिफरन्शियलचे दाते, मागचा आस, प्रोपेलर शाफ्टचा कोन आहेतच. त्यांचा पाढा इथे वाचत नाही.

यापेक्षाही मला चासीची अधिक काळजी वाटते, कारण ब्रेक बदलता येतात, रेडिएटर बदलता येतो, पण कापलेली चासी पूर्ववत होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एक बंद टपाची गाडी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. डावीकडचा दरवाजा लागत नाही, एवढीच मालकांची तक्रार होती आणि त्यांच्या मते दोष बिजागरीचा होता. दरवाजा वर उचलून लावला तर लागत होता, पण वरची फट काडीपेटीची काडी जाईल एवढी आणि खालची बोट जाईल एवढी. गाडीखाली शिरून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आधीच्या मालकाने तिचे सहा सिलिंडरचे इंजिन काढून चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवून घेतले होते, आणि त्याचे ऑइल चेंबर, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, खाली टेकत होते म्हणून चासीचा पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा दांडा, गॅस कटरने मधोमध अर्धचंद्राकार कापला होता. कापलेली कड करवतीसारखी वेडीवाकडी होती, वितळलेल्या लोखंडाचे मणी तसेच चिकटलेले होते आणि त्यावरून काळा रंग फासला होता. डिझेल इंजिनाची थरथर सोसत ती चासी वर्षानुवर्षे हळूहळू पिळत गेली आणि तो पीळ दरवाजापर्यंत येऊन पोहोचला.

तिचे मूळ इंजिन सुदैवाने विकले गेले नव्हते, पण आधीच्या मालकाच्या परसात उघड्यावर पडून होते. प्लग काढलेल्या भोकांतून पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये गेले होते. इंजिनाचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता, पिस्टन मात्र गंजून जाम झाले होते. तीन आठवडे तेल मुरवून त्यातले चार सोडवले. पाचव्याच्या वेळी ब्लॉकला तडा दिसला आणि काम थांबवले. प्लगच्या भोकांना सहा बुचे लावून आत तेल सोडले असते आणि वर ताडपत्री टाकली असती, तर ते इंजिन वाचले असते.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. जुन्या इंजिनांच्या बेअरिंगांत व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओतून ते हाताने घासून बसवणारे कारागीर आता विरळा झाले आहेत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपातले रबरी पडदे खाते. सुटे भाग मिळत नाहीत आणि ज्या गाडीचा ब्लॉक फुटला आहे तिने छपराखाली सडत राहावे, असे मी कधीच म्हणणार नाही. त्यातही पर्याय आहेत: तडा गेलेला ब्लॉक पिनांनी शिवता येतो, आणि मूळ ब्लॉक मोजून त्यावरून नवा ओतून घेता येतो. हे खर्चिक आहे आणि सर्वांना जमणारे नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी नवे इंजिन जरूर बसवावे, मात्र चासीला असलेल्या मूळ भोकांत बोल्टने बसणारी वेगळी चौकट करून, गिअरबॉक्सला नवे इंजिन जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट लावून आणि एकही मूळ भाग न कापता. ज्या इंजिनासाठी कापावेच लागते, ते त्या गाडीसाठी चुकीचे इंजिन आहे, असे माझे मत आहे. बाजारात लहान इंजिनांची वाण नाही. सगळ्यांना हवे असते ते मोठे.

ऐतिहासिक वाहनांच्या जतनासाठी १९६६ साली स्थापन झालेल्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या तुरिन सनदेतही हेच सूत्र आहे: बदल पूर्ववत करता यावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबतच राहावेत. जुन्या गाड्यांत विजेची मोटर बसवण्याची लाट आली तेव्हाही या महासंघाने मूळ भागांवर खुणा करून ते जपून ठेवण्याचाच आग्रह धरला.

यापुढे अशा गाडीवर लेख छापताना चकाकत्या बॉनेटच्या छायाचित्राबरोबर एक छायाचित्र गाडीखालून काढलेलेही छापावे, अशी विनंती आहे. आणि पुरवणीतल्या त्या गाडीचे मूळ इंजिन आज कुठे व कोणत्या अवस्थेत आहे, हे आपल्या प्रतिनिधींनी मालकांना विचारून कळवल्यास मी आभारी राहीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक